आधी देणी, मग देणगी : मध्यम कारखान्यात व्यवसायनीती राबवायची कशी

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं लेखा विभाग सांभाळला. एका जानेवारीत कंपनीने शेजारच्या जिल्हा परिषद शाळेला पाणी शुद्ध करणारं यंत्र दिलं. सरपंच आले, नारळ फुटला, मुलांनी स्वागतगीत म्हटलं. त्याच दुपारी आमच्या कॅन्टीनला पोळ्या पुरवणाऱ्या बचत गटाच्या दोघी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं ४१,००० रुपयांचं बिल १३७ दिवस पडून होतं. दुकानदाराने उधारीवर गहू देणं बंद केलं होतं. "पुढच्या आठवड्यात बघतो, ताई," असं सांगून मी त्यांना परत पाठवलं. शाळेच्या यंत्राचे पैसे मात्र आम्ही आगाऊ दिले होते.

ते बिल मी काढलं तेविसाव्या दिवशी. तोवर त्यांनी आमचं काम सोडलं होतं.

तेव्हापासून कंपनीची नीती मला देण्यांच्या यादीत दिसते. कोणाचे पैसे वेळेवर जातात, कोणाचे अडकतात आणि अडकलेल्याला बोलायची सोय आहे का, एवढं कळलं की कंपनी कळते. दानधर्म त्यानंतर. हा लेख पन्नास ते पाचशे माणसांच्या, बहुधा घरच्या मालकीच्या कारखान्यांसाठी आहे. चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी इथे असे कारखाने गल्लोगल्ली आहेत. मोठ्या कंपनीत एक नियम बदलायला चार समित्या लागतात. इथे मालकाने सोमवारी ठरवलं तर मंगळवारी होतं.

पाऊल पहिलं : आपण कोणाचं काय लागतो, ते लिहा

ध्येयवाक्य, मूल्यांची पाटी, आचारसंहितेची पुस्तिका ही कामं तूर्त बाजूला ठेवा. एका कागदावर पाच ओळी आखा: कामगार (ठेकेदाराचे धरून), पुरवठादार, सरकार, गिऱ्हाईक आणि शेजार. शेजार म्हणजे ज्यांच्या विहिरीपर्यंत आपलं सांडपाणी आणि ज्यांच्या अंगणापर्यंत आपला धूर पोहोचतो ते लोक. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा. कायद्याने किंवा शब्दाने आपण काय देणं लागतो, प्रत्यक्षात काय देतो, आणि किती दिवस उशिरा देतो.

ही माहिती व्यवस्थापकांच्या बैठकीत बसून भरू नका. लेखा विभागाचं येणं-देणं, गेटवरचं हजेरी रजिस्टर, पीएफची चलनं, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र असे मूळ कागद समोर घेऊन भरा. दोन-तीन दिवस लागतील. तयार झालेला कागद मालकाने स्वतः वाचावा, एकट्याने. माझा अनुभव असा की बहुतेक मालकांना यातलं निम्मं ठाऊकच नसतं. खालच्या माणसांनी "चालतंय" म्हणून सांभाळून नेलेलं असतं.

पाऊल दुसरं : लहान पुरवठादाराचे पैसे

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण आपल्याकडची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी अनीती इथेच आहे.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागतं. करारात "९० दिवस" लिहून घेतलं तरी ४५ च्या पुढे ते टिकत नाही. आयकर कायद्यातही २०२३ च्या वित्त कायद्याने बदल झाला. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या त्या तरतुदीनुसार, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून वजा मिळते. उशिराबद्दल दिलेलं व्याज तर खर्च म्हणून वजा मिळतच नाही.

हे कळल्यावर काही कंपन्यांनी पळवाट काढली: उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, असलेल्यांना कामच द्यायचं नाही, किंवा त्यांना नोंदणी रद्द करायला सांगायचं. कृपा करून हे करू नका. ज्याच्या जिवावर आपलं यंत्र फिरतं, त्याला त्याचा हक्क सोडायला लावणं ही दुसऱ्याच्या ताटातली भाकरी काढून घेणं आहे.

दुसरी युक्ती जास्त जुनी आहे. माल गेटमध्ये येतो, पण स्टोअर त्याची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करत नाही. "क्वालिटीने अजून पास केला नाही" असं सांगून वीस-पंचवीस दिवस काढले जातात आणि त्यानंतर ४५ मोजायला सुरुवात होते. कायद्यात याला उत्तर आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल आला तोच दिवस स्वीकृतीचा धरतात. म्हणून घड्याळ गेटच्या शिक्क्यावर चालू करा, जीआरएनवर नको.

उशिराने समोरच्याचं काय होतं, ते एकदा आकड्यात बघा. जॉबवर्क करणाऱ्या एका छोट्या शेडचं ४ लाखांचं बिल तुम्ही १२० दिवसांनी दिलं. ४५ दिवसांच्या वरचे ७५ दिवस त्याने पतपेढीतून १८ टक्क्यांनी पैसे उचलले, तर व्याज होतं साधारण १४,८०० रुपये. त्या कामात त्याला ६ टक्के, म्हणजे २४,००० रुपये सुटणार असतील, तर निम्म्याहून जास्त कमाई तुमच्या उशिरात गेली. तो मग कुठे वाचवणार? सेफ्टी बुटात, ओव्हरटाइममध्ये, पोराच्या क्लासच्या फीमध्ये.

करायचं काय ते सांगतो. लेखा विभागाकडून दिवसांनुसार थकबाकीची यादी मागवा: ० ते ३०, ३१ ते ४५, ४६ ते ९० आणि त्यावर. प्रत्येक पुरवठादाराचा उद्यम क्रमांक विचारून नोंदवून घ्या. ४५ च्या वर गेलेल्यांत सगळ्यात लहान रकमांपासून पैसे द्यायला सुरुवात करा, कारण लहान रक्कम बहुधा लहान माणसाची असते आणि ती त्याच्यासाठी मोठी असते. महिन्यातल्या दोन ठरलेल्या तारखा पेमेंटच्या ठेवा आणि त्या पुरवठादारांना कळवा. तुमच्याकडचा मोठा ग्राहकच तुम्हाला उशिरा पैसे देत असेल, तर ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिल वटवून, म्हणजे मुदतीआधीच त्याचे पैसे, घेता येतात का ते बँकेशी बोला. वरून उशीर झाला म्हणून खाली ढकलला, ही साखळी कुणीतरी आपल्यापाशी तोडायला हवी.

पाऊल तिसरं : ठेकेदाराचा कामगार हाही आपला कामगार

गेटवर उभे राहा आणि ठेकेदाराच्या दहा कामगारांना बाजूला घेऊन चार प्रश्न विचारा. पगाराची स्लिप मिळते का? पीएफचा यूएएन नंबर माहीत आहे का? ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, कार्ड आहे का? बँकेचं एटीएम कार्ड कुणाकडे असतं? शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. पगार खात्यावर पूर्ण जमा होतो आणि कार्ड ठेकेदाराच्या माणसाकडे असल्याने त्यातले दोन-तीन हजार परत काढून घेतले जातात, हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. कागदावर सगळं चोख होतं.

ही चोरी बऱ्याचदा आपण दर मंजूर करतो त्या क्षणीच सुरू होते. ढोबळ हिशेब करा. किमान वेतन १०० रुपये धरलं, तर मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि त्याचे आनुषंगिक आकार मिळून १३, ईएसआय ३.२५, किमान बोनस ८.३३. एवढ्यातच १२४ रुपये ५८ पैसे होतात. रजा, ग्रॅच्युइटी, गणवेश आणि ठेकेदाराचं स्वतःचं कमिशन अजून बाकीच आहे. आता एखादा ठेकेदार ११८ रुपयांत माणूस देतो म्हणाला आणि खरेदी विभागाने "स्वस्तात मिळालं" म्हणून करार केला, तर फरक कुणाच्या खिशातून येणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून ठेका देताना दराची फोड लेखी मागा आणि वैधानिक खर्चाखालचा दर आला तर तो नाकारा. सर्वांत कमी दर स्वीकारण्याची सवय इथे गुन्ह्याला आमंत्रण देते.

ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ठेका देणाऱ्या कंपनीवर, येते. पूर्वीच्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही असंच होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांतही आहे. या संहितांनी आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं. आणि काम सोडणाऱ्याचा वा काढून टाकलेल्याचा शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. "फुल अँड फायनल" महिना-दीड महिना लटकवून ठेवायची आपली जुनी पद्धत त्यामुळे बंद करावीच लागेल. सोडून गेलेल्या माणसाचा पैसा दाबून ठेवणं मला नेहमीच लाजिरवाणं वाटत आलं. तो भांडायला परत येणार नाही, या भरवशावर ते चालतं.

दर महिन्याला करायचं एकच काम: ठेकेदाराने दिलेल्या पीएफ चलनातली नावं गेटच्या हजेरीशी ताडून बघा. हजेरीत ६२ आणि चलनात ४४ असतील, तर १८ माणसं कुठेच नाहीत. आणि प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांचा विभाग, असेल तर ईएसआय नोंदणीच्या तारखा बघा. बोटं तुटल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नोंदणी झालेली दिसली, तर त्या माणसाला आपण अपघातापर्यंत माणूस म्हणून मोजलंच नव्हतं, असा त्याचा अर्थ. हेल्परला प्रेसवर बसवू नका. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय न चालणारं बटण आणि हात आत गेला की यंत्र थांबवणारा सेन्सर बसवा. उत्पादन वाढवायला तो सेन्सर बंद करून ठेवलेला सापडला, तर त्या शिफ्टच्या ऑपरेटरला नव्हे, टार्गेट देणाऱ्याला विचारा.

पाऊल चौथं : टक्केवारी, पाकिटं आणि "वरचा खर्च"

खरेदीतली टक्केवारी बहुतेकांना माहीत असते आणि सगळे गप्प असतात. साधे उपाय पुरतात. खरेदी विभागातल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा लेखी द्यायचं, की कोणत्या पुरवठादाराशी आपलं वा घरच्यांचं नातं आहे. दिवाळीला मिठाईच्या डब्यापलीकडचं काहीही आलं तर रजिस्टरला नोंद आणि ते कंपनीत जमा. तीन कोटेशनपैकी दोन एकाच लॅपटॉपवर टाइप केलेली असतात. फोन करून खातरजमा करा. मालकाच्या मेहुण्याची फर्म असेल तर तीही याच नियमात. इथे सूट दिली की बाकीचं सगळं नाटक होतं, आणि कामगारांना ते पहिल्या दिवशी कळतं.

सरकारी कचेरीतली लाच हा अवघड भाग. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर लाच देणाराही शिक्षेला पात्र आहे, सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. कंपनीसाठी काम करणाऱ्या एजंटने दिली तरी कंपनी अडकते. असं होऊ नये म्हणून पुरेशी व्यवस्था केली होती, हे कंपनीला दाखवता आलं तरच बचाव. म्हणून "लायझनिंग चार्जेस" असं मोघम बिल आलं की थांबवा आणि कोणत्या कामाचे किती, ते विचारा. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

पण मला यात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट वेगळीच होती. सगळ्या परवान्यांच्या मुदतींचा एक तक्ता. फॅक्टरी लायसन्स, प्रदूषण मंडळाची संमती, अग्निशमन, बॉयलर, वजनमापं, लिफ्ट. प्रत्येकाचा अर्ज मुदतीच्या चार महिने आधी. लाच मागणाऱ्याचं बळ आपल्या घाईत असतं. मुदत संपायला पाच दिवस राहिले असताना जो टेबलासमोर उभा राहतो, त्याला नकार देणं परवडत नाही.

पाऊल पाचवं : बोलणाऱ्याला वाट

१९९२ साली राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवी या साथिनीवर, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमातल्या गाव कार्यकर्तीवर, सामूहिक बलात्कार झाला. त्यातून पुढे आलेल्या याचिकेवर १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. तक्रार करायला घटनेपासून तीन महिने, आणखी तीन महिने वाढवता येतात. चौकशी ९० दिवसांत. समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. तरीही १२ मे २०२३ रोजी, गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाच्या अपिलावर निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाला देशभर समित्याच नसल्याबद्दल खंत व्यक्त करावी लागली.

कागदावर समिती नेमून भागत नाही. पॅकिंगला बसणाऱ्या, सफाई करणाऱ्या, ठेक्यावरच्या बायकांना समितीतल्या एकीचं तरी नाव आणि फोन नंबर तोंडपाठ आहे का, हे विचारा. तिथे उत्तर "नाही" आलं तर समिती नाही असंच धरा.

इतर तक्रारींसाठी पेटी लावणार असाल तर ती कॅमेऱ्याखाली आणि एचआरच्या केबिनबाहेर लावू नका. किल्ली बाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवा. आणि आलेल्या प्रत्येक तक्रारीचं काय झालं, ते नाव न घेता नोटीस बोर्डावर महिन्याभरात लावा. ज्याने तक्रार केली त्याची पुढच्या सहा महिन्यांतली बदली, पगारवाढ आणि शिफ्ट मालकाने स्वतः तपासावी. सूड असाच घेतला जातो, ओरडून नाही.

पाऊल सहावं : हिशेब

थोडक्यात सांगतो. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेली ५,००० कोटींहून जास्त रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. ती वर्षानुवर्षं थोडी थोडी फुगवलेली होती. तुमच्याकडे याची सुरुवात ३१ मार्चला गेटबाहेर उभ्या करून ठेवलेल्या, आधीच बिल फाडलेल्या ट्रकने होते. वर्षअखेरच्या तीन दिवसांतली विक्री आणि एप्रिलमध्ये परत आलेला माल शेजारी ठेवून बघा. ऑडिटरला बँकेकडून थेट पत्र मागवू द्या, मध्ये आपला माणूस नको.

पाऊल सातवं : एका कच्च्या मालाच्या मुळापर्यंत जा

सगळी साखळी तपासणं मध्यम कारखान्याला झेपत नाही. वर्षाला एकच वस्तू घ्या आणि ती जिथून येते तिथे स्वतः जाऊन या. बिस्किटं, मिठाई, सरबत किंवा औषधी सिरप बनवत असाल तर साखर घ्या.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं दर हंगामात मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एक दिवस खाडा झाला तर दंड, म्हणून पाळीतही बाई फडात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीच्या वेळी बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ती साखर आपल्या सगळ्यांच्या चहात आहे.

पुरवठादाराला विचारा: तोडणी कामगारांशी करार लेखी आहे का आणि कुणाच्या नावे, बाईच्या की फक्त नवऱ्याच्या? तळावर पाणी आणि संडास आहे का? मुलं कुठे शिकतात? शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत मिळते का? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ती १४ दिवसांत द्यायची असते, उशिराला १५ टक्के व्याजासह. उत्तरं देणाऱ्या कारखान्याकडून घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. पहिल्या वर्षी उत्तरं मिळणार नाहीत. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारा.

पाऊल आठवं : आता सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी

आधीच्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च यात धरत नाहीत. रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी समिती लागत नाही. संचालक मंडळ ते काम पाहतं.

दोन गोष्टी टाळा. नात्यातल्या ट्रस्टला देणगी देऊन काही टक्के कापून उरलेली रोख परत घेणं हा सरळ गुन्हा आहे, त्याला "ॲडजस्टमेंट" म्हणू नका. दुसरं, आपण ज्या ओढ्यात सांडपाणी सोडतो त्याच गावाला वॉटर फिल्टर देणं. आधी सांडपाण्याचा प्रकल्प दिवसरात्र चालवा. त्याचा वीजवापर बघितला की तो खरंच चालतो का ते कळतं.

काय द्यायचं हे ऑफिसात ठरवू नका, ग्रामसभेत जाऊन बसा. आमच्या शाळेतलं ते यंत्र मी दोन वर्षांनी पाहिलं. वर आमच्या कंपनीचं नाव स्पष्ट होतं आणि यंत्र बंद होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फिल्टर बदलायला कुणाला सांगायचं तेच कळलं नाही." म्हणून देणगीच्या करारात पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम आजच बाजूला काढा, आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचं नाव व फोन नंबर कंपनीच्या नावाच्या वर, मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.